पंडिताचा वाद की राजाचा? धर्माच्या छायेतल्या कॉलेजांबद्दल

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, नागसेनवन नावाचा परिसर आहे आणि त्या परिसरात मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९५० साली सुरू केलं. ही दोन नावं जोडीनंच वाचायची असतात. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा. नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा बौद्ध भिक्खू. या दोघांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे.

आपल्याकडे शिक्षणसंस्थेला नाव द्यायचं ते उत्तर देणाऱ्याचं: गुरूचं, संताचं, नाहीतर देणगीदाराचं. इथे कॉलेजला नाव मिळालं ते विचारणाऱ्याचं. उत्तर देणाऱ्याच्या नावाचं वन त्याच्या भोवती. तरुण मुलांनी रोज नागसेनाच्या वनातून चालत मिलिंदाच्या दारात यावं, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते.

त्या ग्रंथात संवादाच्या सुरुवातीलाच एक करार होतो. राजा म्हणतो, भंते, माझ्याशी चर्चा कराल का? नागसेन म्हणतो, महाराज, तुम्ही पंडितासारखा वाद करणार असाल तर करेन, राजासारखा करणार असाल तर नाही. राजा दोन्हींतला फरक विचारतो. नागसेनाच्या सांगण्याचा आशय असा: पंडितांच्या वादात गुंता होतो, तो सोडवला जातो, कुणाची चूक दाखवली जाते, ती कबूल केली जाते, आणि तरी पंडित रागावत नाहीत. राजे एक मुद्दा मांडतात आणि जो तो मान्य करत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद कबूल करतो की मी पंडितासारखाच वाद करेन. मगच चर्चा पुढे सरकते.

हा करार मी इथे पुन्हापुन्हा वापरणार आहे, कारण एक जरा अवघड विषय त्याच्या मदतीनं सोपा होतो.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की नात्यातले, ओळखीतले फोन येतात. एक प्रश्न असा: “ताई, कॉलेज नावाजलेलं आहे, पण ख्रिश्चनांचं आहे. तिथे धर्म शिकवतात का हो?” दुसरा प्रश्न आईवडिलांपैकी एकाचा, जरा दबक्या आवाजात: “ती म्हणते तत्त्वज्ञान आणि इतिहास घेणार. पुढे काय करायचं त्याचं?” विचारणाऱ्यांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला ते एकाच विषयाची दोन टोकं वाटतात. धर्माच्या प्रेरणेतून उभं राहिलेलं आणि लिबरल आर्ट्स शिकवणारं कॉलेज नेमकं असतं कशासाठी, आणि आजच्या मुलामुलींना त्याचा उपयोग काय, हा तो विषय.

आधी ‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे काय

या शब्दाचे दोन चुकीचे अर्थ आपल्याकडे रुळलेत. एक म्हणजे आर्ट्स साइड: सायन्सला नंबर लागला नाही की जिथे जातात ती. दुसरा म्हणजे राजकारणातला ‘लिबरल’. दोन्ही बाजूला ठेवू.

लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे स्वतंत्र. स्वतंत्र माणसाला ज्या विद्या यायला हव्यात त्या लिबरल आर्ट्स. मध्ययुगीन युरोपात त्या सात मानल्या गेल्या. व्याकरण, वक्तृत्व आणि तर्क या तीन भाषेच्या. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार मोजमापाच्या. म्हणजे निम्म्याहून जास्त भाग ज्याला आज आपण सायन्स म्हणू तसा होता. नीट वाचता यावं, नीट मांडता यावं, चुकीचा युक्तिवाद ओळखता यावा, आणि जगात मोजण्याजोगं काय आहे ते मोजता यावं, एवढा तो साधा बेत होता. कुठल्याही एका धंद्याचं ते प्रशिक्षण नव्हतं. पुढे वैद्य व्हा, वकील व्हा किंवा पाद्री व्हा, हा पाया सगळ्यांना सारखाच.

यातली एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. ‘स्वतंत्र माणसाच्या विद्या’ म्हटलं की गुलामाच्या वाट्याला त्या येत नाहीत, हेही त्यात आलंच. प्राचीन जगात स्वतंत्र नागरिक शिकायचा आणि त्याचं काम गुलाम करायचा. आपल्याकडे हेच जातीनं केलं आणि जास्त पक्कं केलं. त्यामुळे मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलेल्या घरांतली मुलं मिलिंद महाविद्यालयात इतिहास, अर्थशास्त्र, मराठी, इंग्रजी शिकायला लागली, तेव्हा त्या जुन्या लॅटिन शब्दाला नवा अर्थ आला. स्वतंत्र आहे म्हणून शिकतो असं नव्हतं ते. शिकायचं ते स्वतंत्र होण्यासाठी होतं. याच वातावरणात प्रा. गंगाधर पानतावणे यांनी शिकवलं, आणि त्यांच्या ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकानं दलित साहित्याला हक्काचं घर दिलं.

मग त्यात धर्म कुठे येतो?

पुजारी, पाद्री, मौलवी तयार करणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांचं काम ठरलेलं आहे आणि त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाहीये. नावापुरता धर्म असलेली कॉलेजंही पुष्कळ. फाटकावर संताचं नाव, ऑफिसात देवाचा फोटो आणि आत इतर कुठल्याही कॉलेजासारखाच कारभार. तीही सोडून देऊ.

मी बोलतेय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. अशी संस्था उघडपणे सांगते की माणूस कशासाठी आहे याबद्दल आमची एक श्रद्धा आहे. त्या श्रद्धेमुळे आम्ही हे कॉलेज काढलं, आणि त्याच श्रद्धेमुळे आम्ही तुम्हाला रसायनशास्त्रही शिकवू आणि कविताही.

“पण रसायनशास्त्राचा श्रद्धेशी काय संबंध?” असं कुणीही विचारेल. अणूच्या रचनेशी काहीच संबंध नाही. हिंदू पाणी, ख्रिश्चन पाणी वेगळं नसतं. श्रद्धा ज्या प्रश्नाला हात घालते तो प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभा असतो: हे ज्ञान मिळवून करायचं काय, ते कुणाच्या उपयोगी पडावं, आणि ते वापरताना कुठे थांबायचं.

जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मगुरूनं १८५२ साली डब्लिनमध्ये विद्यापीठ या विषयावर व्याख्यानं दिली. त्यातला एक युक्तिवाद मला शेतकऱ्याच्या भाषेत सांगावासा वाटतो. एखादं शेत पडीक ठेवलं तर ते रिकामं राहत नाही, शेजारचे बांध कोरत कोरत आत येतात. विद्यांचंही तसंच होतं, असं त्याचं म्हणणं. विद्यापीठातून धर्मविचार काढून टाकला तर ‘माणूस म्हणजे काय’ हा प्रश्न काही निघून जात नाही. त्याचं उत्तर शेजारचे विषय द्यायला लागतात, आणि तेही आपल्या हद्दीबाहेर जाऊन. अर्थशास्त्र माणसाची किंमत सांगू लागतं, जीवशास्त्र त्याचं ध्येय सांगू लागतं.

आज हे समजायला व्याख्यान लागत नाही. दहावीपासून मुलांच्या कानावर काय पडतं ते आठवा. रँक, कटऑफ, पॅकेज, प्लेसमेंट. ‘माणूस कशासाठी’ याचं उत्तर आपण मुलांना देत नाही असं नाही. आपण ते रोज देतो, फक्त ते उत्तर आहे असं सांगत नाही. धर्माधिष्ठित कॉलेज निदान आपलं उत्तर टेबलावर ठेवतं. टेबलावर ठेवलेल्या उत्तराशी भांडता तरी येतं.

न्यूमननं आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली होती: नुसत्या विद्येनं माणूस सज्जन होत नाही, ज्ञान वेगळं आणि सद्‌गुण वेगळा. बाबासाहेबांनीही विद्येबरोबर शीलाचा आग्रह धरला. शील नसलेला शिकलेला माणूस हा समाजाला धोका आहे, असं ते बजावून सांगत. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या, आयुष्यं तर फारच वेगळी. तरी शिक्षणाला बुद्धीपलीकडचं काहीतरी लागतं, यावर दोघांचं एकमत आहे.

जेझुइटांची गोष्ट

असं शिक्षण प्रत्यक्षात चालतं कसं, हे पाहायचं तर जेझुइटांइतका, म्हणजे या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाइतका, लांबचा अनुभव फार थोड्यांकडे आहे. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय जायबंदी झाला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यानं उभारलेल्या या संघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. आठ वर्षांनी सिसिलीतल्या मेसिना शहरात त्यांची सामान्य मुलांसाठीची पहिली शाळा निघाली. १५९९ साली त्यांनी शिकवण्याची एक सविस्तर नियमावली पक्की केली: आधी व्याकरण, मग साहित्य, मग वक्तृत्व, मग तर्क, गणित आणि निसर्गविज्ञानासह तत्त्वज्ञान, आणि त्यानंतर धर्मशास्त्र.

हा क्रम नीट पाहा. धर्म सर्वांत शेवटी येतो. आधी मुलाला वाचता, लिहिता, वाद घालता आणि मोजता आलं पाहिजे. शिवाय त्या नियमावलीत जाहीर वादसभा ठरलेल्या असत. एकानं सिद्धांत मांडायचा, दुसऱ्यानं त्यावर आक्षेप घ्यायचे. आक्षेप घेणारा पाखंडी ठरत नसे, ते त्याला नेमून दिलेलं कामच असे. त्यांच्या शाळांत नाटकंही भरपूर होत, आणि नाटकात दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं मनापासून बोलावी लागतात.

आपल्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा या शिक्षणाशी जोडलेलं आहे. १५८२ साली ग्रेगोरियन दिनदर्शिका आली, तिच्यामागच्या गणितात रोमच्या जेझुइट कॉलेजातल्या क्रिस्टोफर क्लाव्हियस या शिक्षकाचा मोठा वाटा होता.

मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ सालचं, जर्मन जेझुइटांनी काढलेलं. तिथल्या तीन धर्मगुरूंनी काय अभ्यासलं एवढंच सांगते. एथेलबर्ट ब्लॅटर, मूळचे स्विस, त्यांनी वनस्पती गोळा केल्या. त्यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह कॉलेजात आजही आहे, आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याचे पाय तिकडे वळतात. हर्मेनेगिल्ड सांतापाऊ, मूळचे स्पॅनिश, त्यांनी खंडाळ्याच्या घाटातल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते प्रमुख झाले. हेन्री हेरास, तेही स्पॅनिश, १९२२ साली मुंबईत आले आणि १९२६ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था सुरू केली. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा वाचण्याच्या ध्यासात त्यांची वर्षं गेली.

घाटातल्या पावसात गवताचं पातं भिंगाखाली धरणाऱ्या माणसाला विचारलं असतं की यात तुमचा देव कुठे आहे, तर तो काय म्हणाला असता ते मला ठाऊक नाही. मला दिसतं ते एवढंच: त्या श्रद्धेनं त्याला पातं चुकीचं ओळखायला लावलं नाही, पण ते पातं एवढा वेळ पाहण्याजोगं आहे असं मात्र त्याला वाटायला लावलं असावं. श्रद्धेची जागा नेमकी तिथे आहे. पुराव्यात ती ढवळाढवळ करत नाही, लक्ष कुठे द्यायचं ते सुचवते.

गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं काढलेलं. पांडुरंग वामन काणे तिथे शिकले. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. ख्रिस्ती कॉलेजातून हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहासकार बाहेर पडला, यात त्या कॉलेजचं अपयश आहे की यश? मी यशच म्हणेन.

भीती उगाच नाही

“धर्म शिकवतात का हो?” या प्रश्नामागे जुनी भीती आहे, आणि तिला मी हसणार नाही. याच विल्सन साहेबांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी पटापट मुलं काढून घेतली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण गाजलं. मोठा भाऊ ख्रिस्ती झालेला, धाकटा श्रीपत अल्पवयीन. कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं, पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत रान पेटलं. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि त्यांना स्वजातीयांचाच राग ओढवून घ्यावा लागला. तेव्हा राजासारखा वाद फक्त मिशनऱ्यांनी केला असं नाही. मुलगा नेमका काय विचार करतोय, हे कोणत्याच बाजूला फारसं विचारावंसं वाटलं नाही.

गोव्यात तर हे फार भयंकर झालं. तिथे १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडलं: ख्रिस्ताची कथा, मराठी ओव्यांत, आणि त्यात मराठीचं असं कौतुक की आजही ते आपण एकमेकांना ऐकवतो. स्थानिक भाषा प्रेमानं शिकल्याशिवाय असं लिहिता येत नाही. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलेलं होतं, लोकांच्या चालीरीतींवर खटले भरत होतं. आणि १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. धर्म तोच, देश तोच, शतकही तेच. एका हातात ओवी, दुसऱ्या हातात फर्मान. म्हणून ‘ख्रिस्ती शिक्षण चांगलं’ किंवा ‘वाईट’ अशी वाक्यं मला निरर्थक वाटतात. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, कुठल्याही शिक्षणाबद्दलही तसंच. विचारायचं ते हे, की त्या संस्थेनं हातात काय धरलंय.

मी स्वतः एका धार्मिक न्यासाच्या वसतिगृहात राहिले. कुठल्या धर्माचा, ते महत्त्वाचं नाही. संध्याकाळची प्रार्थना सक्तीची होती. चुकली की रविवारची बाहेर जायची परवानगी जायची. तीन वर्षं मी हात जोडून उभी राहिले आणि त्यातली एक ओळही आत उतरली नाही. त्या प्रार्थनेचा अर्थ मला फार नंतर, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, साध्या गप्पांत कळला आणि ती सुंदर आहे हे लक्षात आलं. तोवर तिचा राग येऊन गेला होता. सक्तीनं माझं नुकसान झालं, पण त्या प्रार्थनेचं जास्त झालं.

कॉलेजच्या हातात मार्क असतात, हजेरी असते, खोली असते, शिफारसपत्र असतं. म्हणजे विद्यार्थ्यापुढे कॉलेज राजाच असतं. श्रद्धेविषयी बोलताना त्यानं मुकुट काढून ठेवला पाहिजे.

आपल्या राज्यघटनेनं हे फार नेमकं केलंय. कलम ३० नं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ नं सांगितलं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. हे कलम पालकांनी माहीत करून घ्यावं, म्हणजे फोनवरचा आवाज इतका दबका राहणार नाही. याखेरीज, धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांचा अभ्यास करणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. एखादं कॉलेज सगळ्या मुलांना ज्ञानेश्वरी, बायबल, कुराण आणि धम्मपद यांतले उतारे वाचायला देत असेल आणि त्यावर मोकळी चर्चा घेत असेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वाईची पाठशाळा

हे सगळं ख्रिस्ती कॉलेजांनाच लागू आहे असं वाटायला नको. वाईची प्राज्ञपाठशाळा पाहा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यासारखे मोठे विद्वान तिथे शिकवायचे. संस्कृत, न्याय, मीमांसा, वेदान्त. पूर्णपणे परंपरेतलं शिक्षण. विनोबाही तिथे काही काळ शिकायला राहिले होते.

तिथे घडलेले लक्ष्मणशास्त्री जोशी तर्कतीर्थ झाले. आणि केलं काय? येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार शोधत होते तेव्हा हे शास्त्रीबुवा त्यांच्या बाजूनं उभे राहिले. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचं पौरोहित्य यांनी केलं. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले, म्हणजे जवळजवळ निरीश्वरवादापर्यंत पोचले, आणि मग मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईतच उभं केलं. पाठशाळेनं त्यांना शास्त्र इतकं खोल दिलं की शास्त्राच्याच आधारानं त्यांना रूढीशी लढता आलं. वरवर शिकलेल्याला हे जमत नाही. वरवर शिकलेला एकतर सगळं मान्य करतो, नाहीतर सगळं फेकून देतो.

धर्माधिष्ठित शिक्षणाचं मला वाटणारं सर्वांत मोठं मोल हेच. ते एखाद्या परंपरेत खोल उतरायला शिकवतं. जो एका विहिरीत खोल उतरला त्याला दुसऱ्या विहिरीचं पाणीही ओळखता येतं. चार धर्मांची दोन-दोन पानं वाचून आलेली सहिष्णुता गोड असते, पण पहिल्या दंगलीत ती टिकेल याची मला खात्री वाटत नाही.

आज, आपल्या दारात

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं लिबरल शिक्षणाचं नाव घेतलं, तक्षशिला-नालंदेची आणि चौसष्ट कलांची आठवण काढली. आता महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात भारतीय ज्ञान परंपरेला श्रेयांकांसह जागा मिळाली आहे. मी याकडे आशेनं पाहते आणि काळजीनंही. या तासांत न्यायदर्शन, चार्वाक, नागार्जुन, तुकाराम, सूफी आणि धम्म शिकवले गेले, त्यांचे आपसातले कडाक्याचे वाद शिकवले गेले, तर ते खरं लिबरल आर्ट्स होईल. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष आधी मांडतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं आधी, तेही त्याला स्वतःला पटेल इतकं नीट. पण ‘आपले पूर्वज थोर, प्रश्न नकोत’ एवढंच शिकवलं तर तोच राजाचा वाद झाला, गणवेश तेवढा वेगळा.

खर्चाचं आणि वर्गाचंही बोललं पाहिजे. मोठ्या शहरांतली नामांकित मिशनरी कॉलेजं बराच काळ इंग्रजी बोलणाऱ्या, खात्यापित्या घरांची राहिली. हे दुखणं जेझुइटांच्या स्वतःच्या प्रमुखानं बोलून दाखवलं. पेद्रो आरुपे हे वैद्यक शिकलेले. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते शहराच्या कडेलाच राहत होते, आणि आश्रमाचं घर त्यांनी जखमींसाठी इस्पितळ केलं. पुढे ते संघाचे प्रमुख झाले. १९७३ साली स्पेनमधल्या वॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवलं का? आणि त्यांनीच उत्तर दिलं की नाही, आम्ही कमी पडलो. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आपल्या शिक्षणाचं ध्येय असायला हवं, असं ते म्हणाले. समोर बसलेले बरेच प्रतिष्ठित लोक दुखावले. संस्थेच्या सर्वोच्च माणसानं आपल्याच माजी विद्यार्थ्यांपुढे असं कबूल करणं, मला यात श्रद्धेचा खरा उपयोग दिसतो. रँकिंगच्या तक्त्यात कमी पडलो असं म्हणणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. न्यायात कमी पडलो असं म्हणायला वेगळी फूटपट्टी जवळ असावी लागते.

मग त्या फोनवर मी काय सांगते? कॉलेज पाहायला जा तेव्हा प्राचार्यांना भेटण्याआधी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या अशा मुलाला भेटा, जो त्या संस्थेच्या धर्माचा नाही. त्याला विचारा, इथे तू कधी उलट बोललास का, आणि पुढे काय झालं. जीवशास्त्राच्या शिक्षकांना विचारा, उत्क्रांती शिकवता ना? ग्रंथालयात जा आणि त्या धर्मावर टीका करणारी पुस्तकं कपाटात आहेत का बघा. मुलांना वस्तीत, इस्पितळात, शेतावर काम करायला पाठवतात का, आणि परत आल्यावर त्यावर बोलू देतात का, की नुसतं प्रमाणपत्र हातात ठेवतात, तेही विचारा. आणि तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय, यावर माझं उत्तर सरळ आहे: नीट वाचणारी, नीट लिहिणारी आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी मुलगी उपाशी राहत नाही, पण हे सगळं खरोखर शिकवणारं कॉलेज शोधा, नुसतं तत्त्वज्ञान विषय ठेवणारं नको.

‘मिलिंदपञ्ह’मध्ये एक जागा आहे, मला फार आवडते. प्रश्नोत्तरांची मोठी फेरी संपते, रात्र होते, दोघे आपापल्या जागी जातात. राजा रात्रभर स्वतःला विचारत राहतो: मी नीट विचारलं ना, आणि त्यांनी नीट उत्तर दिलं ना? तिकडे विहारात नागसेनही जागाच असतो, आणि तोही तेच विचारत असतो: राजानं काय विचारलं, आणि मी दिलेलं उत्तर बरोबर होतं ना? सकाळी भेटल्यावर राजा म्हणतो, भंते, तुम्हाला प्रश्न विचारायला मिळाले या आनंदात मी रात्र जागलो असं समजू नका. नागसेन म्हणतो, महाराज, तुम्हाला उत्तरं देता आली या आनंदात मीही जागलो नाही.